पळवलेला तास

सव्वीस वर्षं मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं संगीताचे तास पळवले. तेव्हा यात काही गैर वाटत नसे. सहामाही तोंडावर आलेली असायची, त्रिकोणमिती अर्ध्यावर अडकलेली. सकाळी अरेंजमेंटच्या, म्हणजे बदली तासांच्या, वहीवर नजर टाकायची, नववी-ब ला चौथा तास संगीताचा दिसला की स्टाफरूममध्ये संगीताच्या सरांना गाठायचं. ‘सर, आजचा तास मला देता का?’ सर कधी नाही म्हणाले नाहीत. हातातला चहा संपवायचे आणि म्हणायचे, ‘घ्या की मॅडम, तुमचं काम महत्त्वाचं.’ हे ते मनापासून म्हणत की टोमणा होता, याचा विचार मी निवृत्त झाल्यावरच केला. वर्गात शिरल्यावर मागून एखादी मुलगी अर्ध्या आवाजात म्हणायची, ‘मॅम, अभी म्यूझिक है.’ मी फळ्याकडे वळून तारीख घालायला लागायची.

म्हणजे शाळेतल्या संगीताची बाजू घ्यायला मी फारशी लायक नाही. तरी घेते, कारण पळवलेला तास नेमका कशाचा होता हे मला पुढे एकदा बसून बघायला मिळालं.

त्याआधी गावाबद्दल थोडं. ग्वाल्हेरला २०२३ साली युनेस्कोनं संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. त्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज फिरत होता, मीही चौघांना पाठवला. अभिमान खोटा नव्हता. राजा मानसिंह तोमरांच्या काळातलं ध्रुपद इथलं, हद्दू खाँ-हस्सू खाँची ख्यालगायकी इथली. वासुदेवबुवा जोशींकडून ती शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात गेले नसते तर तिकडचं गाणं आज कसं असतं, हे पुण्याच्या पाहुण्यांना ऐकवायची संधी आम्ही सहसा सोडत नाही. १९२४ साली सुरू झालेला तानसेन समारोह २०२४ च्या डिसेंबरात शंभरावा झाला. आजही त्याची सुरुवात ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मीलादनं होते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मला या गावात राहायला आवडतं. त्याच्या आदल्या वर्षी, २५ डिसेंबरला, किल्ल्यावर हजाराहून जास्त तबले एकदम वाजले आणि विक्रम झाला.

हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी जुनी समजूत. एकदा सहलीला मुलांना तिथे नेलं तेव्हा सगळ्यांनी दोन-दोन पानं तोंडात टाकली. एकानं चेहरा वाकडा करून सांगितलं, ‘मॅम, बस खट्टा है.’ मला वाटतं गावाची संगीताबद्दलची समजूत अजून त्या झाडाखालीच बसलेली आहे. गाणं इथल्या मातीत आहे, पाल्यात आहे, मग ते नववी-ब च्या वेळापत्रकात कशाला हवं?

तर, मी काय पाहिलं ते सांगते. एका वर्षी माझ्या घशात गाठी आल्या. पन्नास-पन्नास मुलांवर ओरडणाऱ्या शिक्षकांना हे दुखणं काही नवं नाही. डॉक्टरांनी दीड महिना बोलणं बंद करायला सांगितलं. सुट्टी शिल्लक नव्हती, म्हणून मला पेपर तपासायला, हजेऱ्या भरायला लावलं आणि संगीताच्या तासाला ‘शिस्तीसाठी’ मागच्या बाकावर बसवलं. ज्या वर्गाचे तास मी पळवत होते त्याच वर्गात आता तोंड मिटून बसायचं होतं.

पहिल्याच दिवशी सर हातावर तीनताल धरायला शिकवत होते. सोळा मात्रा, एक, पाच आणि तेरावर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात नुसता उलटा करून हवेत. बेचाळीस मुलं. पहिली दोन आवर्तनं ठीक गेली. तिसऱ्यापासून वेग वाढायला लागला, सहाव्या-सातव्याला टाळ्यांचा नुसता पाऊस. सरांनी हात वर केला. ‘लय किसने भगाई?’ प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. सर हसले. ‘सबने थोड़ी-थोड़ी.’ आणि परत एकपासून. त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काहीही शिकवलं नाही. बेचाळीस जणांनी मिळून लय पळू द्यायची नाही, एवढंच. मला ते आधी वेळ घालवणं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र मी स्वतः बाकाखाली मांडीवर बोटं मोजत होते आणि मीही पळत होते.

गणितात नेहमी पहिली येणारी मुलगी खालीवर हमखास टाळी वाजवायची. थांबणं तिला जमेना. उत्तर माहीत असताना हात रिकामा कसा ठेवायचा? आणि ज्याला मी दोनदा नापास केलं होतं तो मुलगा डोळे अर्धे मिटून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अचूक येत होता, घरचा दरवाजा सापडावा तसा. चार-सहा दिवसांनी तिनं एक युक्ती काढली. ती त्याच्या हाताकडे बघायला लागली. माझ्या तासाला याला नक्कल म्हणतात आणि मी त्यासाठी मुलं उठवून पुढे बसवली आहेत. इथे सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ‘हाँ, ऐसे ही. देखो एक-दूसरे को.’

मला वाटतं शाळेतल्या संगीताची खरी बाजू इथे आहे, आणि ती मांडताना आपण भलतीच बाजू मांडत बसतो. संगीतानं बुद्धी वाढते, गणित सुधारतं, एकाग्रता येते. पालकसभेत हे सांगितलं की माना डोलतात. याच्या मुळाशी बरंचसं १९९३ सालचं एक छोटं संशोधन आहे. कॉलेजातल्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला तर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण पडले, आणि तो परिणाम पाव तासातच ओसरला. एवढ्यावर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायची योजना मांडली. पुढे मुलांना संगीत शिकवून केलेले पन्नासहून जास्त अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये पाहिलं गेलं, तेव्हा जिथे तुलना नीट केलेली होती तिथे संगीत शिकल्यानं बुद्धी किंवा इतर विषयांतले गुण वाढल्याचं दिसलं नाही. गणिताची शिक्षिका म्हणून मला याचं आश्चर्य वाटलं नाही. सोळाचे चार भाग टाळीवर करता आले म्हणून अपूर्णांक येत नाहीत, अपूर्णांक अपूर्णांक केल्यानंच येतात. संगीताला गणिताचा शिकवणीवाला करून शाळेत घ्यायचं ठरवलं, तर ज्या दिवशी गणित सुधारणार नाही त्या दिवशी ते बाहेर जाणार. आणि गेलंच. मीच घालवलं.

चौदा-पंधराव्या वर्षी मुलांचं काय होत असतं ते मात्र पाहा. त्या वर्गात एक मुलगा होता, आठवीपर्यंत प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभा राहणारा. नववीत आवाज फुटला. आमच्या शाळेची प्रार्थना हार्मोनियमवर काळी चारमध्ये, वर्षानुवर्षं तीच पट्टी, कारण मुलींना ती सोयीची. याचा आवाज वर चढता चढता मध्येच फाटायचा आणि अख्खी रांग खिदळायची. त्यानं गाणं सोडलं. रांगेत मागे मागे जात शेवटच्या ओळीत पोचला आणि ओठ हलवायला लागला. कुठल्याही शाळेच्या प्रार्थनेत मागच्या रांगा बघा, नववी-दहावीची निम्मी मुलं नुसते ओठ हलवत असतात. या वयात मुलग्यांचा कंठ मोठा होतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही बदलतो, दोन-तीन स्वरांनी, मध्ये काही दिवस हवा मिसळल्यासारखा होतो. कोणी हसत नाही म्हणून त्याची दखल कोणी घेत नाही एवढंच. जो आवाज काल आपला होता तो आज नाही, आणि हे रोज सकाळी साडेसातला सहाशे लोकांसमोर सिद्ध होतं. शरीराच्या इतर बदलांबद्दल आता शाळेत निदान एखादं व्याख्यान होतं. आवाजाबद्दल कोणीच काही बोलत नाही.

सरांनी त्याला बोलावून विचारलं, ‘नीचे का सा लगता है?’ लागत होता, खरखरीत, पण लागत होता. ‘बस वही पकड़. ऊपर मत जा.’ बाकीचा वर्ग बंदिश म्हणे आणि हा आणि आणखी तिघं खालचा षड्ज धरून बसत, श्वास तुटला की एकमेकांना सावरून घेत. पहिल्या दिवशी कुत्रा गुरगुरल्यासारखं वाटलं. महिन्याभरानं वर्गात त्या खालच्या स्वरावर बाकीच्यांचं गाणं टेकलेलं असायचं. ते चौघं गैरहजर असले की मुली आपणहून विचारायच्या, आज नीचेवाले कहाँ गए?

त्या मुलाचं गाण्यानं कल्याण झालं असं मी सांगणार नाही. तो गायक झाला नाही, दहावीला गणितात जेमतेम पास झाला. पण त्या वर्षी तो शाळेत येत राहिला. त्या वयातल्या मुलाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नाही, हे वर्गशिक्षक राहिलेल्या कोणालाही पटेल.

आपल्याकडे तानसेन आणि कानसेन अशी जोडी सांगतात. सगळेच तानसेन होणार नाहीत, निदान चांगले कानसेन तरी व्हावेत. शाळेत संगीत हवं म्हणणारे बहुतेक लोक हाच मुद्दा घेतात आणि तानसेनांच्या गावात तो फारच शोभून दिसतो. मला तो पटेनासा झालाय. आजचा पंधरा वर्षांचा मुलगा दिवसभर कानात बोंडं घालून कानसेनच असतो. त्याला आणखी श्रोता कशाला करायचं? आपल्या गाण्यात एक तिसरी जागा आहे, साथीची. तबल्याची, पेटीची आणि सगळ्यात मागे तंबोऱ्याची. सरांनी कपाटावरचा तंबोरा खाली काढून, जवारी कशीबशी लावून एकेका मुलाला दहा-दहा मिनिटं त्यावर बसवलं. पंचम, जोडाच्या दोन तारा, खर्ज, पुन्हा पंचम. चाल नाही, ताल नाही, टाळ्या नाहीत. आपण थांबलो तर मात्र सगळं कोसळतं. पहिल्या दोन मिनिटांत मुलं कंटाळायची, बोट जोरात मारायची, इकडेतिकडे बघायची. पाचव्या मिनिटाला काहीतरी बदलायचं. पुढे गाणाऱ्याचं ऐकत, आपलं न थांबवता आणि न मिरवता चालू ठेवायचं. हे मी माझ्या विषयात कुठल्या धड्यात शिकवलं असतं मला सांगता येत नाही. माझ्या वर्गात तर प्रत्येकानं दुसऱ्याच्या पुढे जायचं होतं, तेच माझं काम होतं.

यावर पालकांचं म्हणणं मला पाठ आहे, कारण मीच ते त्यांना पुरवत असे. ज्याला आवड आहे त्यानं बाहेर क्लास लावावा. लष्करातल्या मराठी घरांत प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देणारी मुलं अजून सापडतात, आमच्याच घरात दोन आहेत. पण क्लासला जातो तो मुळात गाऊ शकणारा, ज्याच्या घरी आजीची पेटी आहे, आणि जो फी भरू शकतो. माझ्या वर्गातल्या त्या खालच्या षड्जवाल्याला कोणीही क्लासला घातलं नसतं. ज्याला गाता येत नाही, ज्याच्या घरात कोणी गात नाही, त्याच्यासाठी शाळा सोडून दुसरी जागाच नाही. स्नेहसंमेलनाची गोष्टही तीच. पंधरा दिवस आधी सहा गोड गळे निवडायचे, बाकीच्यांना खुर्च्या लावायला सांगायचं आणि याला शाळेतलं संगीत म्हणायचं. फिल्मी गाणी की बंदिशी हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सर दोन्ही म्हणून घ्यायचे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. या वयात चारचौघांत गायला लावणं म्हणजे काही मुलांना शिक्षाच. सरांच्या आधीचे शिक्षक एकेकाला उभं करून गाऊन दाखवायला लावत आणि ‘बेसुरा’ म्हणून खाली बसवत. अशी बसवलेली माणसं मला आज साठीत भेटतात, अजून सांगतात, मला शाळेतच कळलं होतं की मला गाता येत नाही. असा तास मी पळवला असता तर पुण्यच लागलं असतं. पण वाईट शिकवणारा भेटला म्हणून गणिताचा तास कोणी रद्द केलेला मी ऐकला नाही.

कागदावर काही कमी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीपर्यंत कला हवीच असं होतं. २०१९ मध्ये सीबीएसईनं पहिली ते बारावी आठवड्याला किमान दोन तास कलेसाठी ठेवायला सांगितलं. २०२० च्या धोरणानं अभ्यासाचे विषय आणि ‘इतर’ विषय असा भेद नको म्हटलं, २०२३ च्या आराखड्यात कलेला पुन्हा स्वतंत्र जागा मिळाली. आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवरच्या वेळापत्रकातही दोन तास होते. फक्त बाकीचे विषय पेनानं लिहिलेले असत आणि संगीत पेन्सिलनं.

या गावाला तर हे अधिक लागतं, कारण संगीत वर्गात आणायची लढाई इथे शंभर वर्षांपूर्वीच लढून झाली आहे. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथे विद्यालय काढलं. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना हाताशी धरून माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. त्याआधी ग्वाल्हेरचे गवई भातखंड्यांची स्वरलिपी शिकायला मुंबईला पाठवले होते, त्यात राजाभैया पूछवाले होते, जे पुढे त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. उस्तादाच्या घरातली, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली विद्या फळ्यावर लिहायची, कोणाच्याही मुलाला शिकवायची, हे तेव्हाच्या कितीतरी मोठ्या गायकांना रुचलं नसेल. तरी ते झालं. पुढचं पाऊल तुलनेनं सोपं होतं, गाणं साध्या शाळेत, साध्या मुलांपर्यंत नेणं. तिथे आपण दमलो. २००८ पासून राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत आणि कला विद्यापीठ इथे आहे. तिथून आणि माधव महाविद्यालयातून दरवर्षी शिकून बाहेर पडलेली मुलं स्कूटरवरून घरोघरी शिकवण्या करत फिरताना मी बघते. शाळांना माणसं मिळत नाहीत असं या गावात तरी कोणी म्हणू नये. पगारी, कायम नेमणूक, कुलूप न लागणारी एक खोली आणि अरेंजमेंटला न मिळणारे दोन तास, एवढंच मागणं आहे. युनेस्कोच्या पाटीपेक्षा खर्चही कमी येईल. हे जरा खवचट झालं, पण राहू दे.

गुण द्यावेत की नाहीत, याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. गुण दिले की गाता येणारे वर आणि बाकीचे खाली, म्हणजे पुन्हा माझाच वर्ग. न द्यावेत तर तासाला किंमत राहत नाही आणि माझ्यासारखी एखादी दारात येऊन उभी राहते. सध्या मला वाटतं, फक्त हजेरीचे गुण असावेत. तू आलास, बसलास, साथ केलीस, झाले पूर्ण गुण. गणितवाले यावर हसतील. मीही हसले असते.

दीड महिन्यानं माझा आवाज परत आला. मागच्या बाकावरून उठून मी पुन्हा फळ्यापाशी गेले, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षीच्या प्री-बोर्डाच्या आधी दहावीचे आणखी तीन संगीताचे तास घेतले. सरांनी तसेच दिले. पुढच्या वर्षी उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवी होती म्हणून संगीताची खोली परीक्षा विभागाला मिळाली आणि परीक्षा विभाग माझ्याकडे होता. हार्मोनियम आणि तंबोरा कपाटावर चढले, सर व्हरांड्यात वर्ग घ्यायला लागले, पावसाळ्यात तेही बंद.

निवृत्तीच्या दिवशी मी ऑफिसात किल्ल्यांचा जुडगा परत केला. त्या खोलीच्या किल्लीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘स्टोअर’.